वळणावर विमान दोन सेकंद गप्प होतं: एफएमवरून २.४ वर आल्यानंतर पुन्हापुन्हा येणारा त्रास

रिमोटवरची मॉडेल विमानं उडवणाऱ्या आमच्या रविवारच्या मंडळीत गेल्या दोन हंगामांत चार जणांनी एकच तक्रार केली. विमान छान उडतंय, तिसरं-चौथं उड्डाण आहे, लांबून वळून परत येताना पंख तिरपा होतो आणि तिथून पुढे दोन-तीन सेकंद ते काही ऐकतच नाही. मग एकदम ऐकायला लागतं. उंची शिल्लक असली तर वाचतं, नसली तर बांधावर बाल्साच्या (ज्या हलक्या लाकडाची विमानं बनतात त्याच्या) काड्या वेचायच्या. चौघांचंही पहिलं वाक्य होतं, "सिग्नल गेला." चौघांनीही पहिल्यांदा नवा रिसीव्हर, म्हणजे विमानात बसून सिग्नल पकडणारा भाग, आणला. तिघांचा त्रास नव्या रिसीव्हरवरही तसाच राहिला.

माझंही विमान असंच तीनदा गप्प झालं होतं. तेव्हा मी नुकताच ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या एफएम रेडिओ संचावरून (हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर मिळून संच) २.४ गिगाहर्ट्झवर आलो होतो. खरं कारण सापडायला मला सहा महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

बिघाड पूर्वी आधी कळायचा, आता कळत नाही

ज्यांनी एफएमवर उडवलं आहे त्यांना चॅनेल ठरवणाऱ्या क्रिस्टलचे दिवस आठवतील. ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विमानांसाठी ११ ते ६० असे पन्नास चॅनेल, दोन चॅनेलमध्ये २० किलोहर्ट्झचं अंतर. माझा ३८ नंबर, म्हणजे ७२.५५०. मैदानात एक फळी असायची, तिच्यावरचा आपल्या नंबराचा कपड्यांचा चिमटा खिशात असल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, हा नियम. एकाच नंबरावर दोघांनी बटण दाबलं की हवेत असलेलं विमान गेलंच. त्या भीतीपायी मैदानात शिस्तही होती.

त्या संचाचा एक मोठा गुण होता, तो मला २.४ वर आल्यावर कळला. सिग्नल कमजोर होऊ लागला की सर्वो, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, आधी थरथरायचे. विमान लांब गेलं, एलिरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) फडफडलं, की आपण समजायचो आणि वळवून आणायचो. बॅटरी क्षणभर दबली तरी रिसीव्हर अडखळायचा आणि व्होल्टेज परत येताच त्याच क्षणी कामाला लागायचा. त्याच्या आत सुरू व्हायला वेळ घेणारा प्रोग्रॅमच नव्हता.

२००५ च्या सुमाराला विमानांसाठी २.४ गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले आणि चिमट्याची फळी इतिहासजमा झाली. आपल्याकडेही २००५ मध्येच सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आता प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची ओळख पटवून घेतो, त्यालाच आपण बाइंड करणं म्हणतो. माहिती पाकिटांमधून येते. पाकीट शाबूत आलं तर रिसीव्हर ते मानतो, खराब आलं तर टाकून देतो. त्यामुळे मधली थरथर राहिलीच नाही. शंभरातली तीस पाकिटं हरवली तरी हातात ट्रान्समीटरची स्टिक धरलेल्याला काहीच जाणवत नाही. विमान शेवटपर्यंत गुळगुळीत उडतं आणि मग एकदम काहीच नाही.

शिवाय नवा रिसीव्हर हा एक छोटा संगणक आहे. त्याचं व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं, अनेक रिसीव्हरांत ती साडेतीन व्होल्टच्या आसपास असते, की तो बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सुरुवातीच्या पिढीतल्या रिसीव्हरांना जागं होऊन ट्रान्समीटर शोधायला काही सेकंद लागायचे. जमिनीवरून पाहणाऱ्याला हा प्रकार आणि सिग्नल जाणं अगदी एकसारखं दिसतं. माझे सहा महिने याच सारखेपणात गेले.

माझ्या विमानात काय झालं होतं

विमान साधं होतं. दीड मीटर पंखांचं, उंच पंखाचं बाल्साचं ट्रेनर, ग्लो इंजिनवर चालणारं. नवा संच घेतला तसे सर्वोही बदलले, चार डिजिटल टाकले. बॅटरी आणि स्विच मात्र जुनेच ठेवले: चार सेलचा ४.८ व्होल्टचा निकेल-कॅडमियम पॅक आणि सोबतचा सरकता स्विच. एफएमवर त्यांनी चार वर्षं काही कुरकुर केली नव्हती, म्हणून संशयच आला नाही.

पहिल्यांदा विमान गप्प झालं तेव्हा मी अँटेनाकडे वळलो. तिथे चूक होतीच. एफएम रिसीव्हरची मीटरभर लांब वायर शेपटीपर्यंत ओढून बांधायची सवय, त्यामुळे २.४ च्या दोन्ही छोट्या अँटेना मी एकत्र करून पंखाच्या कार्बनच्या नळीलाच टेपने चिकटवल्या होत्या. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साधारण ३१ मिलिमीटर. अँटेनाच्या टोकाचा सोललेला तेवढाच भाग काम करतो, बाकीची जाड वायर फक्त त्याला रिसीव्हरशी जोडते. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, म्हणून त्याच्याजवळ हे टोक आंधळं होतं. बॅटरी, इंजिन, इंधनाची टाकी यांच्या मागेही तेच. मी दोन्ही टोकं वेगळी केली, एक आडवं आणि एक उभं, एकमेकांशी काटकोनात, प्लास्टिकच्या बारीक नळ्यांत घालून कार्बनपासून दूर. रेंज टेस्ट (विमान किती लांबून ऐकतं याची जमिनीवरची चाचणी) पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आली. मला वाटलं झालं काम.

तीन आठवड्यांनी विमान पुन्हा त्याच वळणावर गप्प झालं.

त्या वेळी एका जुन्या जाणत्या काकांनी मला एकच प्रश्न विचारला: "किती वेळ गप्प होतं रे? मोजलंस का?" मोजलं नव्हतं, पण आम्ही उड्डाणांचे मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. घरी येऊन पाहिलं, तर पहिल्या वेळी अडीच सेकंद आणि दुसऱ्या वेळीही जवळजवळ तेवढेच. काका म्हणाले, "अँटेनाची सावली पडली तर विमान थोडं फिरताच सिग्नल परत येतो, आणि प्रत्येक वेळी वेगळा वेळ लागतो. दोन्हीदा मोजून तेवढाच वेळ लागतोय म्हणजे रिसीव्हर झोपून उठतोय. बॅटरी बघ." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

बॅटरी बघितली. मल्टिमीटर लावला, सगळ्या स्टिक एकदम ढवळल्या, ४.६ व्होल्ट. उत्तम! आणि तिथे मी दुसऱ्यांदा फसलो. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनच आकडे दाखवतो. चार डिजिटल सर्वो एकदम झटका मारतात तेव्हाची पडझड काही मिलिसेकंदांची असते, ती त्या आकड्यांच्या मधून निसटून जाते. काटेवाल्या मीटरवरही दिसत नाही.

मग लॅमिंग्टन रोडवरून ४.७ ओहम, १० वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर आणला. बॅटरी, तिच्यापुढे स्विच, त्यापुढे हा रेझिस्टर अशी जोडणी केली. ४.८ व्होल्टला त्यातून साधारण एक अँपिअर सतत वाहतो, त्यामुळे मीटरला सावकाश वाचायला वेळ मिळतो. (रेझिस्टर तापतो, हात लावू नका आणि दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.) मीटरच्या दोन काड्या स्विचच्या दोन टोकांना लावल्या. चांगल्या स्विचवर तिथे ०.०५ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. माझ्या स्विचवर ०.३८ व्होल्ट दिसले.

आता हिशेब करून बघा. एका अँपिअरला ०.३८, म्हणजे वळणात शेपटीचा एलिव्हेटर खेचताना, एलिरॉन आणि शेपटीचाच रडर एकदम चालताना तीन अँपिअरला १.१४ व्होल्ट नुसत्या स्विचमध्ये गळणार. तिसऱ्या उड्डाणापर्यंत पॅक भाराखाली ४.५ वर आलेला असतो. ४.५ मधून १.१४ गेले की उरतात ३.३६. रिसीव्हर झोपला! पहिल्या उड्डाणात पॅक ताजा असतो म्हणून काही होत नाही. सरळ उडताना सर्वो शांत असतात म्हणून काही होत नाही. वळणावरच होतं, आणि वळणावरच अँटेनाचीही दिशा बदलते, म्हणून संशय नेमका अँटेनावर जातो. जुन्या ॲनालॉग सर्वोंवर आणि एफएम रिसीव्हरवर हाच स्विच चालून गेला होता, कारण सर्वो कमी खेचायचे आणि रिसीव्हरला झोप लागायची नाही.

स्विच उघडून पाहिला तर आतले पितळी संपर्क काळेहिरवे पडले होते. मुंबईतली खारी दमट हवा आणि जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेलं विमान, दुसरं काय होणार? स्विच बदलला, पॅक पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड घेतला (सर्वो ६ व्होल्टचे आहेत याची आधी खात्री करून), आणि रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर ४७०० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला. कपॅसिटर क्षणिक खड्डा बुजवतो. पण सडलेल्या स्विचचं औषध म्हणून तो लावू नका, कारण मूळ रोग झाकला जातो आणि वाढत राहतो.

तुमच्याकडे टेलिमेट्री असेल तर

मला हे सगळं रेझिस्टर लावून शोधावं लागलं. आज बहुतेक संचांत विमानाकडून माहिती परत येते, तिचा लॉग ट्रान्समीटरच्या कार्डवर राहतो, आणि तो वाचता आला की निम्मं काम होतं. तीन आकडे बघायचे: आरएसएसआय म्हणजे सिग्नल किती जोराचा येतो, एलक्यू म्हणजे शंभरातली किती पाकिटं शाबूत पोचतात, आणि रिसीव्हरचं व्होल्टेज.

विमान गप्प होण्याआधी आरएसएसआय आणि एलक्यू दोन्ही हळूहळू उतरत असतील तर अंतर किंवा अँटेना. आरएसएसआय चांगला, समजा उणे ६० डीबीएम, पण एलक्यू मात्र कोसळतोय, तर तिथे दुसरा कुणीतरी ओरडतो आहे, म्हणजे गोंगाट. आणि दोन्ही शेवटपर्यंत झकास असताना लॉग एकदम तुटला असेल तर थेट वीजपुरवठा बघा, अँटेनाला हातही लावू नका. "टेलिमेट्री लॉस्ट" ही सूचना तिन्ही प्रकारांत ऐकू येते, म्हणून तिच्यावर जाऊ नका. तिच्या आधीचे दहा सेकंद वाचा. मी आता कुणाचीही तक्रार ऐकली की पहिल्यांदा हे दहा सेकंद मागतो.

गोंगाटाबद्दल मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वायफाय आपल्याच पट्ट्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्या पट्ट्याच्या अगदी खाली, २३०० ते २४०० मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे मोबाइलची ४जी सेवा चालते. स्वस्त रिसीव्हरची पुढची गाळणी इतकी बारीक नसते. टॉवरच्या अगदी समोर उभं राहिलं तर शेजारच्या पट्ट्यातला तो आवाजच त्याला बहिरा करू शकतो. संशय असेल तर विमान आणि ट्रान्समीटर तसेच ठेवून शंभर-दीडशे मीटर बाजूला सरकून पुन्हा रेंज टेस्ट करा आणि एलक्यू किती बदलतो ते बघा. जुने डीएसएम२ संच सुरू होताना दोनच चॅनेल निवडून तिथेच बसायचे, त्यांना याचा जास्त त्रास. डीएसएमएक्स आणि नंतरच्या सगळ्याच पद्धती सतत उड्या मारत राहतात, म्हणून गर्दीत टिकतात. सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या टेस्टवरून मात्र काही ठरवू नका. तिथे चारही बाजूंनी राउटर असतात, टाकीचं लोखंड असतं.

रेंज टेस्ट करताना विमान जमिनीवर ठेवू नका. एफएमवर चालायचं ते, २.४ वर ओलं गवत आणि माती सिग्नल खाऊन टाकतात. स्टूल किंवा टेबल, कमरेइतकं उंच. ट्रान्समीटर रेंज मोडवर (शक्ती मुद्दाम कमी करून) ठेवून तीस पावलं लांब जा, कुणाला तरी विमान सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगा आणि त्याच वेळी सगळ्या स्टिक ढवळत राहा. नुसतं एक एलिरॉन हलवून केलेली रेंज टेस्ट निम्मीच. माझ्या विमानाने अशा अर्ध्या टेस्ट कितीतरी वेळा पास केल्या होत्या. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोकही विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेलाच सिग्नल सर्वांत क्षीण असतो, म्हणून ती आडवी वाकवून ठेवायची.

इलेक्ट्रिक विमान असेल तर

फोमच्या विमानात रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी नसते. मोटरचा वेग सांभाळणारी ईएससी असते, तिच्यातला बीईसी हा भाग मोटरच्या बॅटरीचं व्होल्टेज कमी करून रिसीव्हरला वीज देतो. स्वस्त ईएससीतला बीईसी बहुधा लिनियर असतो, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज तो नुसतं उष्णतेत घालवतो. भरलेली तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १२.६ व्होल्टची. त्यातून ५ व्होल्ट काढताना दर अँपिअरला साडेसात वॉटपेक्षा जास्त उष्णता बोटाएवढ्या चिपमध्ये तयार होते. डिसेंबरच्या सकाळी हे चालून जातं, एप्रिलच्या अकरा वाजता कर्जतच्या माळावर चालत नाही. बीईसी तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की परत चालू. "सकाळी ठीक होतं, उन्हात बिघडलं," असं कुणी म्हटलं की मी आधी हेच विचारतो. चारपेक्षा जास्त सर्वो किंवा चार सेल असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी लावा, निदान पाच अँपिअरचा. ईएससीच्या तीन तारांच्या जोडणीतली मधली लाल तार मात्र आधी काढा.

एक्सप्रेसएलआरएसवर येताना

आमच्यातली तरुण मुलं आता एक्सप्रेसएलआरएस या नव्या, लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीवर गेली आहेत आणि मीही एक विमान त्यावर नेलं. रेंज खरंच विलक्षण आहे. पण इथे सेकंदाला पाकिटं जितकी जास्त तितकी ऐकण्याची क्षमता कमी, हे विसरू नका. २.४ वर ५०० हर्ट्झला ती उणे १०५ डीबीएमच्या आसपास, ५० हर्ट्झला उणे ११५ (आकडा जितका खाली तितका क्षीण सिग्नल ऐकू येतो). शर्यतीच्या ड्रोनला ५०० हवेत. आपल्या सावकाश ट्रेनरला ५० किंवा १५० पुष्कळ झाले.

यातली पुन्हापुन्हा येणारी तक्रार म्हणजे "काल बाइंड झालं होतं, आज होत नाही." बहुतेकदा एका बाजूचं फर्मवेअर अपडेट केलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूचं नाही. मुख्य आवृत्ती, म्हणजे पहिला आकडा, दोन्हीकडे एकच लागतो. दुसरं कारण त्याहून साधं: विमानाला आधी बॅटरी लावली, गप्पा मारत बसलात, आणि मिनिटभर ट्रान्समीटर मिळाला नाही म्हणून रिसीव्हर वायफाय मोडमध्ये गेला. बॅटरी काढून परत लावा. आधी ट्रान्समीटर, मग विमान, हा एफएमपासूनचा क्रम इथेही पाळा.

परदेशातून मागवलेलं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल इथे वापरू नका. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, तो पट्टा आपल्यासाठी मोकळा नाही. भारतासाठी ८६६ ची वेगळी सेटिंग आहे, ती निवडा, किंवा सरळ २.४ वरच राहा.

फेलसेफ

हे सगळं करूनही एक दिवस सिग्नल जाईल असं धरूनच विमान तयार करायचं. सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे फेलसेफ. विमान घट्ट धरून, इलेक्ट्रिक असेल तर प्रॉपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून बघा: थ्रॉटल (इंजिन किंवा मोटरचा वेग) पूर्ण खाली जातो का? अनेक संचांत फेलसेफची जागा बाइंड करताना स्टिक जिथे असते तीच धरली जाते. बाइंड करून मग मेनूत थ्रॉटल उलटा केलात तर जुना "बंद" आता "पूर्ण चालू" होतो. उलटं केल्यावर पुन्हा बाइंड करा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, सुदैवाने विमान टेबलावर होतं आणि प्रॉपेलर काढलेलं होतं.

जागेबद्दलही लिहायला हवं. सांताक्रूझ आणि जुहू, दोन विमानतळ शहरातच आहेत आणि आता नवी मुंबईचाही सुरू झाला आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान कोणत्या रंगात येतं ते जाण्याआधी बघा, आणि मुंबई पोलिसांचे रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंबद्दलचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात तेही. आम्ही म्हणूनच भातकापणी झाल्यावर लांब जातो. लोकलच्या मालडब्यात दोन तास हादरे खाल्ल्यावर रिसीव्हरचा एखादा प्लग अर्धा निघालेला असतो. उतरल्यावर सगळे प्लग बोटाने दाबून बघा, आणि मान्सून संपल्यावर पहिल्या उड्डाणाआधी त्यांच्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

ज्यांचं विमान अजूनही वळणावर गप्प होतंय, त्यांनी विचारताना एवढं नक्की लिहा: किती सेकंद गप्प होतं आणि दर वेळी तेवढेच का, उड्डाण कितवं होतं, बॅटरी किंवा बीईसी कोणता, किती सर्वो आणि ॲनालॉग की डिजिटल, स्विच किती जुना. टेलिमेट्री असेल तर शेवटच्या दहा सेकंदांचा लॉग. उतरल्यावर रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता का, हेही आठवून लिहा, कारण काही रिसीव्हर झोपून उठल्याची खूण तशी देतात आणि बॅटरी काढली की ती खूण पुसली जाते.